वकिलीची वाट तालुक्याच्या कॉलेजातूनही जाते

जून महिन्यात तहसील कचेरीच्या आवारात एकदा चक्कर मारा. बारावीचा निकाल लागलेला असतो, पेरणीची घाई असते आणि तरीही सेतू केंद्रासमोर रांग हटत नाही. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला रहिवासाचा, कुणाला नॉन-क्रिमीलेअरचा. अशाच एका रांगेत हातात कागदांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने आम्हाला विचारले, “पेपरात लिहिता न्हवं तुम्ही? मग एक सांगा. पोरीला वकील व्हायचंय. पुण्याच्या कालेजात बी. ए. केल्याबिगर चांगल्या लॉ कालेजात घेत न्हाईत म्हणं. खरं का हे?”

मुलगी शेजारीच उभी होती. बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी पास झालेली. तालुक्याचे कॉलेज घरापासून एस. टी. ने अर्ध्या तासावर. पण गावातल्या कोणा शहाण्याने सांगितले होते, की तालुक्याच्या पदवीला मुंबई-पुण्यात कोणी विचारत नाही. सोसायटीचे कर्ज अजून फिटलेले नव्हते, आणि पुण्याच्या खर्चासाठी गोठ्यातल्या दोन म्हशी काढायचे घरात ठरत आले होते.

वाचकहो, हा प्रश्न एकट्या त्या शेतकऱ्याचा नाही. तुमच्या घरात, तुमच्या भावकीत, शेजारच्या वस्तीवर असे एखादे पोर असणारच. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेऊ. कारण चुकीच्या उत्तरापायी म्हशी जातात, आणि कधी कधी त्याहून वाईट म्हणजे पोराची उमेदही जाते.

दोन वाटा, दोन दारे

आपल्याकडे वकील होण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली बारावीनंतरची पाच वर्षांची. तिच्यात पदवी आणि कायदा एकत्रच होतो. दुसरी वाट म्हणजे आधी कोणतीही पदवी घ्यायची आणि मग तीन वर्षांचे एलएल. बी. करायचे. ही झाली सहा वर्षे. पदवीचे कॉलेज कोणते असावे, हा प्रश्न फक्त दुसऱ्या वाटेवर येतो.

आता महाराष्ट्रात या दुसऱ्या वाटेचे दार कसे उघडते ते बघा. २०१६ पासून राज्यातल्या विधी महाविद्यालयांत प्रवेशासाठी सरकारची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी आहे. १८५५ साली सुरू झालेले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथे प्राचार्य होते ते मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय घ्या, १९२४ चे पुण्याचे आयएलएस घ्या, नाहीतर १९३३ चे कोल्हापूरचे शहाजी लॉ कॉलेज घ्या. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या जागांसाठी सीईटीच्या गुणांवरच गुणवत्ता यादी लागते. पदवीला खुल्या गटासाठी ४५ टक्के, इतर मागास वर्गांसाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के एवढे गुण असले, की तुम्ही परीक्षेला पात्र. त्यापुढे तुमची पदवी फर्ग्युसनची आहे की तालुक्याच्या कॉलेजची, हे यादी लावणारा संगणक पाहत नाही.

म्हणजे पदवी हा उंबरठा आहे. तो ओलांडला की काम झाले. पंचेचाळीसच्या जागी पंच्याऐंशी टक्के आणले म्हणून रांगेत कोणी पुढे नेत नाही. रांगेतली जागा सीईटी ठरवते.

महाराष्ट्राबाहेरची मोठी दारेही अशीच आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या विधी विभागात तीन वर्षांचे एलएल. बी. आहे आणि प्रवेश देशपातळीवरच्या सामाईक परीक्षेतून होतो. तिथे पदवीची अट थोडी चढी आहे, खुल्या गटाला ५० टक्के. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे नाव देशात पहिल्या क्रमांकाने घेतले जाते. तिथे पूर्वी बारावीनंतरच प्रवेश होता. २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. त्याची प्रवेश परीक्षा स्वतंत्र आहे आणि तीत लेखी उत्तरेही लिहावी लागतात. पण तिथेही निवड होते ती परीक्षेवर.

मग ‘तालुक्याच्या पदवीला कोण विचारतंय’ ही समजूत आली कुठून? थोडी परदेशातून. अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतरच घेतात आणि नामांकित लॉ स्कूलमध्ये अर्ज करताना पदवीचे गुण, एलसॅट परीक्षा, स्वतःविषयीचा निबंध, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, असे सगळे माणसे बसून वाचतात. तिथे कॉलेजच्या नावाचा प्रभाव किती, यावर पालक डोके खाजवतात ते समजण्यासारखे आहे. आपल्याकडच्या सीईटीत निबंध नाही, शिफारसपत्र नाही. तिकडचे भय इकडे आणून म्हशी विकायचे कारण नाही.

थोडा हिशेब मांडू

हिशेब मांडल्याशिवाय शेतकऱ्याला कोणतीही गोष्ट पटत नाही, आणि पटू नयेही. समजा पुण्यात कॉट बेसिस, मेस, येणे-जाणे आणि वह्या-पुस्तके मिळून महिन्याला आठ हजार रुपये लागले. वर्षाचे दहा महिने धरा. झाले ऐंशी हजार. तीन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. फी वेगळीच. एवढे करून हातात काय पडते? तीच पदवी आणि सीईटीला बसण्याचा तोच अधिकार, जो तालुक्यात राहूनही मिळणार आहे.

हेच पैसे नंतरच्या तीन वर्षांसाठी, म्हणजे प्रत्यक्ष लॉ कॉलेजसाठी राखून ठेवले तर? कॉलेजच्या निवडीला खरा अर्थ तिथे आहे. चांगल्या लॉ कॉलेजात ग्रंथालय मोठे असते, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा होतात, मोठ्या वकिलांकडे हाताखाली काम शिकायला मिळते आणि शेजारीच उच्च न्यायालय असेल तर तिथले कामकाज बघता येते. पुढे नोकरी असो वा वकिली, लोक विचारतात ते लॉ कुठे केले हे. बी. ए. कुठे केले, हे क्वचितच कोणी विचारते. पैसा थोडा असेल तर तो कुठे लावायचा, हे तुम्हीच ठरवा. पाणी थोडे असले की आपण ते पिकाच्या मुळाशी देतो, बांधावर नाही.

पण नुसते नाव सोडून चालणार नाही

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही खोटा धीर दिला असे होईल.

सीईटी कॉलेजचे नाव विचारत नाही हे खरे. पण कॉलेजात तीन वर्षांत काय मिळाले, हे ती बरोबर बाहेर काढते. परीक्षेत कायद्याची प्राथमिक समज, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्कशक्ती आणि इंग्रजी असे भाग असतात. प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही असते आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, ही आपल्या मुलांच्या सोयीची गोष्ट. इंग्रजीचा भाग मात्र इंग्रजीतच सोडवावा लागतो. आणि खरी गाठ पुढेच आहे. चांगल्या लॉ कॉलेजात पुस्तके इंग्रजी, निकालपत्रे इंग्रजी, उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजी. तालुक्याच्या कॉलेजात गाईडवर पास होणारा मुलगा इथे अडखळतो. दोष कॉलेजच्या पाटीचा नाही, वाचनाच्या सवयीचा आहे.

शहरातल्या मुलाकडे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे माहिती. फॉर्म कधी निघतो, कोणता दाखला लागतो, पर्याय भरताना कोणते कॉलेज वर टाकायचे, हे त्याला घरात नाहीतर मित्रांत कळते. सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेले उदय लळित २०२२ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. अमरावतीत पालिकेच्या मराठी शाळेतून सुरुवात केलेले भूषण गवई २०२५ मध्ये त्याच पदावर गेले. जिल्ह्याच्या गावातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाट आहे, हे यावरून दिसतेच. पण एकाच्या घरात वकिली होती आणि दुसऱ्याच्या घरात राजकारण व समाजकारण होते, हेही खरे. ज्या घरात सातबारा सोडून कायद्याचा दुसरा कागद कधी आला नाही, त्या घरच्या मुलीला ही माहिती कोणीतरी बाहेरून पुरवली पाहिजे. तेवढ्यासाठी हा लेख.

इथे मात्र पाय घसरतो

पदवीच्या निवडीत काही जागा खरोखर धोक्याच्या आहेत. त्या लक्षात ठेवा.

पहिली जागा मुक्त विद्यापीठाची. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने शेतात राबणाऱ्या, संसारात पडलेल्या हजारो लोकांना पदवीचे दार उघडून दिले, त्याचे मोल मोठे आहे. बारावी पास होऊन मग तिथून पदवी घेतली असेल, तर कायद्याच्या प्रवेशाला अडचण नाही. पण बारावी न होता, पूर्वतयारीची परीक्षा देऊन जे थेट पदवीला बसले, त्यांना ती पदवी इथे चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार दहावी, बारावी आणि पदवी हा क्रम असावा लागतो. पदवीचे प्रमाणपत्र हातात आल्यावर हे कळले तर माणूस हबकून जातो. म्हणून घरात कोणाची शाळा मध्येच सुटली असेल आणि पुढे वकिलीचा विचार असेल, तर आधी बारावी पूर्ण करा. वयाची चिंता करू नका; राज्याच्या या सीईटीला वयाची वरची अट नाही.

दुसरी जागा टक्क्यांची. पंचेचाळीस टक्के म्हणजे पूर्ण पंचेचाळीस. चव्वेचाळीस पूर्णांक नव्वद आले तर कोणी वर ओढून घेईल, या भरवशावर राहू नका. ‘पास झालो म्हणजे झाले’ ही वृत्ती पदवीच्या तीन वर्षांत फार महागात पडते.

तिसरी जागा राहिलेल्या विषयांची. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना सीईटी देता येते. पण प्रवेशाच्या वेळी सर्व विषय सुटलेली गुणपत्रिका दाखवावी लागते. एक विषय अडकला, की सीईटीचे चांगले गुणही कागदावरच राहतात आणि वर्ष जाते.

चौथी जागा दाखल्यांची. राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जातवैधता प्रमाणपत्र लागते. इतर मागासवर्गीयांना नॉन-क्रिमीलेअर लागते. रहिवास प्रमाणपत्र तर हवेच. यातले जातवैधतेचे काम वेळखाऊ. ते पदवीच्या दुसऱ्या वर्षातच सुरू करा. आग लागल्यावर विहीर खणायची सवय आता सोडली पाहिजे.

बारावीनंतर थेट जायचे असेल तर

ज्या मुलामुलीचे मन आधीच ठरले आहे आणि इंग्रजी बरी आहे, त्यांनी पाच वर्षांच्या वाटेचाही विचार करावा. एक वर्ष वाचते. राज्याची पाच वर्षांसाठी वेगळी सीईटी आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही परीक्षा २००८ पासून होते. २०१४ च्या कायद्याने महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठे आली, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे. राज्यातल्या रहिवाशांसाठी तिथे राखीव जागा आहेत. पण क्लॅट संपूर्ण इंग्रजीत असते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आणि या विद्यापीठांचा वर्षाचा खर्च काही लाखांत जातो. शिवाय ही परीक्षा अलीकडे डिसेंबरमध्ये होते. म्हणजे बारावीचा निकाल लागल्यावर जागे झालेल्याची गाडी सुटलेली असते. अकरावीतच तयारी हवी.

गाडी सुटली म्हणून रडत बसू नका. पदवीनंतरचे दार आहेच.

तालुक्यात राहून काय करता येईल

पदवीचा विषय कोणताही चालतो. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी., कृषी पदवी, काहीही. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इंग्रजी घेतले तर पुढे उपयोग होतो, पण तशी सक्ती नाही. ज्यात मन रमेल आणि गुण मिळतील तो विषय घ्या.

रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचा आणि न समजलेले शब्द वहीत उतरवा. पहिले सहा महिने डोंगर वाटेल. दुसऱ्या वर्षी टेकडी वाटेल. कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजी दैनिक येत नसेल तर प्राचार्यांकडे मागणी करा. गावाच्या सार्वजनिक वाचनालयातही चौकशी करा. वक्तृत्व स्पर्धेत नाव द्या. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून घड्याळ लावून सोडवा.

आणि एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा तुम्हाला सोपी आहे. तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. न्यायालयाचे कामकाज सहसा सर्वांना खुले असते. शांत बसायचे, मोबाइल बंद ठेवायचा. बांधाचा वाद, वाटपाचा दावा, पोटगीचा अर्ज, धनादेश न वटल्याचा खटला, हे सगळे डोळ्यांसमोर चालते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनी कलमे पाठ असलेले जाणते वकीलही नवे आकडे शिकले. ज्या मुलीने फेरफाराची नोंद आणि तिच्यावरचे भांडण घरातच पाहिले आहे, तिला महसुलाचा कायदा शिकवताना मास्तरांना फार फळा भरावा लागणार नाही.

पैशाचेही मार्ग आहेत. शासकीय विधी महाविद्यालयाची फी खासगीच्या मानाने फार कमी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर हा लाभ नाही. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे. फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात आणि समाजकल्याण खात्यात या सवलतींची चौकशी करा.

गरज कुणाला आहे?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे तिथे चालतात. ज्या अपिलासाठी पक्षकाराला रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे, ते आता जवळ आले. कोर्ट जवळ आले, तसे आपल्या भागातले, आपली भाषा आणि आपला सातबारा समजणारे तयारीचे वकीलही हवेत. न्यायाधीश व्हायचे असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. म्हणजे पदवीनंतर लगेच परीक्षा देऊन खुर्चीवर बसण्याऐवजी आधी कोर्टाची पायरी झिजवावी लागेल. ती पायरी ज्यांच्या घराजवळ आहे, त्यांनी का मागे राहावे?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ सांगून खेड्यातल्या पोरांना कॉलेजपर्यंत आणले. त्यानंतर कॉलेजच तालुक्यापर्यंत आले. एवढे जवळ आलेले कॉलेज कमी प्रतीचे समजून पोराला लांब धाडायचे आणि त्यासाठी गोठा रिकामा करायचा, यात शहाणपण नाही. तसेच जवळचे कॉलेज मिळाले म्हणून तीन वर्षे कट्ट्यावर घालवायची, यातही नाही.

त्या दिवशी रांगेतल्या शेतकऱ्याला हे सगळे आम्ही उभ्या-उभ्या सांगितले. त्याने ऐकून घेतले. म्हशींचे काय ठरले ते आम्ही विचारले नाही. पण मुलगी आतापर्यंत गप्प होती, ती पुढे आली आणि तिने विचारले, “जातवैधतेचा फॉर्म इथंच मिळतो का जिल्ह्याला?” योग्य प्रश्न होता. जातवैधतेच्या समितीचे कार्यालय जिल्ह्याच्या गावी असते आणि अर्ज ऑनलाइन भरून कागद तिथे द्यावे लागतात, असे आम्ही तिला सांगितले. तुमच्या घरात असे पोर असेल तर त्यालाही सांगा. कॉलेज कोणते, हा विचार त्यानंतर निवांत करता येईल.